स्नायूंतील राखीव पेशी

दुखापतीनें फाटलेला स्नायु कांहीं आठवड्यांत पुन्हां भरून येतो, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. परंतु पक्व स्नायुतंतूला विभागून वाढण्याची शक्ति नसते. मग ही भरपाई होते कोठून? या प्रश्नाचा धागा १९६१ सालीं हातीं आला. अमेरिकेंतील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून बेडकाचा स्नायु पाहतांना तंतूच्या बाह्य आवरणाच्या आंत, त्याच्या कडेला बिलगलेल्या लहान पेशी आढळल्या. त्यांना उपग्रह-पेशी हें नांव मिळालें. एरव्हीं त्या निद्रिस्त असतात. इजा होतांच जाग्या होऊन वाढतात व नवे तंतु घडवितात.

मनुष्याच्या या पेशी वेगळ्या काढणें चिकाटीचें काम आहे. दात्याच्या संमतीनें स्नायूचा लहानसा तुकडा घेतात, चरबी काढून तो बारीक चिरतात. मग ट्रिप्सिन, कोलॅजिनेज यांसारखीं पाचक विकरें पेशींना धरून ठेवणारें जाळें विरघळवितात. द्रव गाळून पेशी ३७ अंश सेल्सिअसवर पोषक द्रवांत ठेवितात.

खरी अडचण पुढेंच आहे. संयोजी ऊतींतील तंतुजनक पेशीही बरोबर येतात आणि शेतांतील तणाप्रमाणें सर्व जागा व्यापतात. त्यांस दूर करण्याची एक युक्ति सोपी आहे: त्या भांड्याच्या तळाला लवकर चिकटतात, तेवढ्या अवधीनंतर वरचा द्रव दुसऱ्या भांड्यांत ओतला, कीं हव्या त्या पेशी बहुतांशीं त्याबरोबर जातात. दुसऱ्या रीतींत सीडी५६ या पृष्ठभागावरील खुणेला चुंबकीय कण जोडून पेशी वेंचतात. शेवटीं रक्तद्रवाचें प्रमाण घटविलें असतां अस्सल पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या नळ्या बनवितात. हीच त्यांची परीक्षा.

ही निवड चुकली तर काय होतें? डुशेन नामक व्याधींत डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या अभावीं मुख्यतः मुलग्यांचे स्नायु झिजत जातात. अशा मुलाच्या पेशींवर औषध पारखतांना भांड्यांत तणच माजलें असेल, तर निष्कर्ष फसवा ठरतो. १९९० नंतरच्या दशकांत निरोगी पेशी अशा मुलांच्या स्नायूंत टोंचून पाहिल्या. त्यांपैकीं बहुतेक लवकरच मेल्या व अपेक्षित लाभ झाला नाहीं. त्या अपयशानें धीराचा धडा दिला.

तुकडा देणाऱ्याला स्वतःला बहुधा कांहीं मिळत नाहीं; तो पुढच्या रुग्णासाठीं देतो. म्हणून तो ठेव समजून सांभाळणें, हें प्रयोगशाळेचें पहिलें कर्तव्य होय.