विरजण आणि शिफारसपत्र

श्रोतेहो, अमेरिकेतील विद्यापीठांकडे पीएच.डी.साठी अर्ज करणाऱ्या आपल्याकडील कित्येक मुलामुलींच्या आशेवर दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास विरजण पडते. त्यांपैकी जी जिद्दीची असतात ती डिसेंबरच्या मुदतीपूर्वी पुन्हा अर्ज करण्यास सिद्ध होतात, निवेदनाचा मजकूर दहा वेळा घासूनपुसून घेतात. परंतु तीन शिफारसपत्रांचा विषय निघाला, की ‘ती गेल्या वर्षीची आहेतच’ असे म्हणून मोकळी होतात. माझी तक्रार आहे ती या मोकळे होण्याविषयी.

मागे ऑक्टोबरात एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि संकोचाने म्हणाली, “सर, जुनंच पत्र चालेल, फक्त तारीख बदला.” मी ते पत्र काढून वाचले. ‘सदर विद्यार्थिनी सध्या अंतिम वर्षात असून येत्या जूनमध्ये पदवीधर होईल,’ असे मीच त्यात लिहिले होते. तो जून केव्हाच उलटला होता, आणि बाई जुलैपासून एका प्रयोगशाळेत ज्वारीवरील बुरशीचा अभ्यास करीत होत्या! ही वार्ता मला त्या दिवशी, तीही बोलता बोलता, कळली. कारण नकार आल्यापासून सहा महिने लाजेपायी ती माझी वाट चुकवीत होती.

ज्या विरजणाने आशा नासते असे आपण म्हणतो, त्याच विरजणाने घरोघरी दही लागते, हे मात्र आपण विसरतो. गुरूचे तुमच्याविषयीचे मत हे विरजण आहे. ते गतवर्षीचेच असले तरी हरकत नाही. पण दूध ताजे हवे, आणि ते दूध म्हणजे तुमचे मधले वर्ष. ते न देता नुसते जुने दही पुढे केले, तर ते आंबणारच. दूध कोमटही हवे: मुदत दोन दिवसांवर आली असता उकळत्या घाईने मागितलेले पत्र फाटते, म्हणून सप्टेंबरातच जावे. आणि एकदा विरजण लावल्यावर भांडे हलवू नये; दर चार दिवसांनी ‘सर, झालं का?’ असे विचारणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मुदतीच्या आठवडाभर आधी एक नम्र स्मरण पुरे.

हे पत्र तुमच्या हाती पडत नाही, हे तुम्ही जाणताच. विद्यापीठाचा दुवा थेट शिफारस करणाराच्या ई-मेलवर येतो. आणि 1974 च्या अमेरिकी कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास पत्र पाहण्याचा जो हक्क दिला आहे, तो बहुतेक अर्जदार आधीच सोडून देतात, कारण गोपनीय पत्रावर वाचणाराचा विश्वास अधिक बसतो. सारांश, पत्रात काय उतरावे हे तुमच्या स्वाधीन नाही. गुरूपुढे काय ठेवावे, एवढेच आहे. तेव्हा पानभर टिपण न्या: गेल्या वर्षी कोठे अर्ज केला, काय निकाल लागला, त्यानंतर कोणते काम केले, यंदा विद्यापीठांची निवड का बदलली. काही विद्यापीठे जुना अर्ज दफ्तरी ठेवतात, क्वचित जुनी पत्रे वापरण्याची मुभाही देतात. परंतु मुभा आहे म्हणून शिळे वाढावे असे नाही. तिघांपैकी ज्यांनी तुम्हांला केवळ वर्गातल्या बाकावर पाहिले असेल, त्यांच्या जागी या वर्षी तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेली व्यक्ती घ्यावी.

पुन्हा सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी एवढ्यात चहा ठेवण्यास उठला असेल: नकार लपवू नका. ज्याने तुमच्यासाठी लेखणी उचलली, त्याला निकाल कळविणे हे ऋण आहे. ‘नाही झालं’ हे दोन शब्द ऐकून कोणताही शिक्षक विद्यार्थ्यास हलका लेखीत नाही. त्याला खुपते ते मौन.

‘मसुदा तुम्हीच करून आणा, मी सही करतो,’ असे म्हणणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंचाही समाचार घ्यावयाचा होता, कारण एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे वाचणारास तत्काळ... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. तेव्हा एवढेच: उद्या सकाळी आपल्या सरांना किंवा बाईंना फोन करा. पत्र मागू नका. आधी निकाल सांगा.