अवधान

श्रोतेहो, नवविधा भक्तीतली पहिली भक्ती कोणती? आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल, श्रवण. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिलाच समास श्रवणभक्तीचा आहे. ऐकावे सगळेच, पण त्यातले सार घ्यावे, असार टाकावे, असे समर्थ तिथे सांगतात. हा समास वर्गात शिकवताना माझा आवाज कसा खणखणीत लागतो! आम्हां मास्तर लोकांना बोलण्याची सवय, ऐकण्याची बेताचीच.

आई गावी एकटी राहते. रोज रात्री ८ वाजता तिचा फोन येतो. एकदा ती बोलत होती आणि मी उत्तरपत्रिका तपाशीत होतो. पावसाने दिलेली ओढ, शेजारणीची शेळी, कुणाचेसे लग्न, असे काहीबाही कानांवर पडत होते. गुण मांडता मांडता मी "हं, हं" म्हणत होतो. पंधरा दिवसांनी गावी गेलो, तर गोठा रिकामा. दावे खुंटीला गुंडाळून ठेवलेले. वडिलांनी हौसेने आणलेली गाय ती. ते गेल्यावर आई तिच्याशीच बोलायची.

"आई, गाय कुठंय?"

"इकली की रं. तुला इचारलं व्हतं फोनवर, इकू का म्हणून. तू हं म्हनलास."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने माझा शब्द मानला होता.

सार निवडावे हे खरे; पण शेळीच्या गोष्टीमागून गाय येणार आहे, हे सगळे ऐकल्यावाचून कसे कळावे? ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० ची. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे काय मागतात? अवधान. आणि त्या श्रोत्यांना ते माहेराची उपमा देतात. मायबहिणींना हा शब्द उलगडून सांगायला नको. आईचे माहेर कधीच मिटले. तिला ८ वाजताचा तो फोन तेवढा उरला होता.

आता फोन वाजला, की मी पेनाला टोपण घालतो, कागद मिटून ठेवतो. मन तरी पळतेच. जपाला बसणाऱ्याचेही पळते, तो ते परत आणून मण्यावर ठेवतो. तसाच हा नेम. परवा निम्म्या बोलण्यातून माझे मन महाविद्यालयात जाऊन बसले. तेव्हा सरळ म्हटले, "आई, ऐकलं नाही गं मी. परत सांग."

ती क्षणभर गप्प झाली. मग तिने पार शेळीपासून पुन्हा सुरुवात केली.