मागाचा हिशेब, टॅलीची भाषा



यंत्रमागांच्या शेलारमध्ये हिशेबावर बोलायचे तर मागापासूनच बोलावे लागते. आपल्याकडे विणाईची मजुरी पिकवर ठरते. एका इंचात आडवे धागे किती, ते पिक. आणि दर पिकमागे इतके पैसे. समजा कापड ५२ पिकचे आणि दर १२ पैसे, तर मीटरला ६ रुपये २४ पैसे आणि हजार मीटरला ६,२४० रुपये. हिशेब ठेवणाऱ्या मेहताजींना हे तोंडपाठ असते. पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या बिलात पिकचा रकानाच नसतो. मग हिशेब होतो एक्सेलमध्ये किंवा कोऱ्या कागदावर, आणि टॅलीत चढतो तो नुसता शेवटचा आकडा. दोन महिन्यांनी पार्टीने विचारले, ‘या बिलाला दर कोणता लावलात?’ तर उत्तर टॅलीत सापडत नाही, मेहताजींना फोन लावावा लागतो.

मालक म्हणतात, प्रोग्रॅमर बोलवू. लगेच वाद सुरू होतो : पायथॉन, जावा की डॉट नेट? मला या वादात दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. आकडा कुठे राहणार, आणि आजचा प्रोग्रॅमर निघून गेल्यावर त्याने लिहिलेले कोण वाचणार.

टॅलीचा आणि कापडधंद्याचा संबंध जुना आहे. श्यामसुंदर गोयनका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवत. त्यांना हवे तसे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून १९८६ मध्ये बंगळूरला त्यांचा मुलगा भारत याने ते लिहिले. भारत गोयनका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. टॅलीत बदल करायची भाषा टॅलीचीच आहे : टॅली डेफिनिशन लँग्वेज, म्हणजे टीडीएल. तिची मांडणी उतरत्या पायऱ्यांची. रिपोर्टमध्ये फॉर्म, फॉर्ममध्ये पार्ट, पार्टमध्ये लाइन, लाइनमध्ये फील्ड. पिकसाठी एक फील्ड, दरासाठी दुसरे, आणि रक्कम त्या दोहोंवरून निघावी एवढे सांगायचे. पडद्यावर ते कसे उमटवायचे हे टॅली पाहते. फील्ड साठवायला सांगितले की त्यातली किंमत व्हाउचरसोबतच साठते. वर्षाने बिल उघडले तरी दर समोर दिसतो. म्हणून माझे स्पष्ट मत : जो आकडा वहीचा भाग आहे, तो टीडीएलमध्येच लिहावा. बाहेर ठेवला की दोन वह्या होतात, आणि दोन वह्यांचा मेळ कधीच टिकत नाही.

पायथॉनला जागा नाही असे मात्र नाही. टॅली पोर्ट ९००० वर एक्सएमएलमधून माहिती देते आणि घेतेही. लूमवरची मोजणी टॅलीत आणायची असेल, पन्नास पार्ट्यांची उधारी एकदम तपासायची असेल, तर पायथॉन उत्तम. फक्त पैशांसाठी साधे दशांश वापरू नका. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज नेमकी ०.३ येत नाही. त्यासाठी डेसिमल हा वेगळा प्रकार आहे. पैशांच्या दरावर धंदा चालवणाऱ्यांनी हे प्रोग्रॅमरला आधीच बजावावे.

आणि ज्यांना सूत, बीम, तागा हे सगळेच एका व्यवस्थेत हवे आहे, त्यांनी ईआरपीनेक्स्ट पाहावे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे, रुषभ मेहता यांनी सुरू केलेले हे काम पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे, आणि त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे. पण सर्व्हर, बॅकअप, नवी आवृत्ती चढवणे हे सांभाळायला माणूस लागतो. बारा मागांच्या कारखान्याला तो बोजा मी सुचवणार नाही.

आता सर्वांत कळकळीची गोष्ट. टीडीएल दोन रूपांत हाती येते : वाचता येणारी मजकुराची फाइल, आणि कंपाइल केलेली टीसीपी फाइल. टीसीपी चालते, पण वाचता येत नाही. जीएसटीचा नियम बदलला, टॅलीची आवृत्ती बदलली, की ती दुरुस्त करणार कोण? ज्याच्याकडे मूळ फाइल, तोच. आणि त्याने गाव सोडले असेल, तर पैसे देऊन करून घेतलेले काम पुन्हा करून घ्यायचे. काम देतानाच लिहून घ्या : मूळ फाइल आम्हाला मिळेल, आणि नव्या रकान्यांना दिलेल्या क्रमांकांची यादीही. प्रत्येक नव्या रकान्याला एक क्रमांक असतो. एकाच प्रकारच्या दोन रकान्यांना दोन प्रोग्रॅमरनी तोच क्रमांक दिला, की एकाची माहिती दुसऱ्याच्या रकान्यात उगवते. ज्यांची फर्म कंपनी म्हणून नोंदलेली आहे, त्यांनी आणखी एक जपावे : १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअर वापरणे सक्तीचे आहे.

इथे बसलेल्या बी.कॉम.च्या मुला-मुलींना सांगतो. ‘टॅली येते’ म्हणजे एंट्री करता येते, एवढ्यावर थांबू नका. चलन, तागा, घट हे तुम्हाला आधीच कळते; शहरातल्या प्रोग्रॅमरला ते शिकवावे लागते. पहिला अभ्यास मी देतो. जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरतात, आणि कर व्याजासह माल पाठवणाऱ्याच्या अंगावर येतो. तेव्हा टीडीएलमध्ये एक रिपोर्ट लिहा : पाठवलेल्या सुताची चलने, प्रत्येकापुढे परत आलेले कापड, आणि अकरा महिने उलटलेली चलने सगळ्यांत वर.