वाहन आणि वय

बदलापूर या नांवाविषयीं एक समजूत लोकांच्या तोंडीं आहे. जुन्या काळीं या वाटेनें जाणारे स्वार येथें थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून हें बदलापूर. समजूत खरी असो वा नसो, तिच्यांत शहाणपण आहे. वाट पाहून आणि स्वार पाहून वाहन निवडावें लागतें.

आज उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या गांवांतील कित्येक तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांपुढें नाचतें तें वाहन म्हणजे एटीव्ही. मोटारसायकलीसारखें हँडल आणि चार रुंद, मऊ चाकें असलेली ही गाडी चिखल, वाळू, खडक यांतून वाट काढते. पावसाळ्यांत बारवी धरणाच्या बाजूस किंवा चंदेरीच्या पायथ्याशीं वाटा चिखलानें भरल्या म्हणजे मुलाला वाटतें कीं ही गाडी आपल्याचसाठीं निर्माण झाली आहे. मग तो वडिलांस विचारतो, "बाबा, केवढ्याला मिळेल?" परंतु हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा कीं, ती गाडी कोणाच्या मापाची आहे?

एटीव्ही चार चाकांवर उभी असल्यामुळें ती सुरक्षित दिसते. पण वळणावर ती दुचाकीसारखी कलत नाहीं; स्वारालाच आपलें अंग आंतल्या बाजूस झोंकावें लागतें. मोठ्या माणसाच्या एटीव्हीचें वजन तीनशे किलोच्या आसपास असतें. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलाच्या झोंकानें ती कितीशी सांवरणार? आणि उलटली तर ती अंगावरून बाजूस सारण्याचें बळ त्याच्यापाशीं कोठून येणार? शिवाय तिचीं कमी हवेचीं चाकें मातीसाठीं घडविलेलीं असतात. डांबरी रस्त्यावर तीं भलतीच पकड घेतात आणि गाडी अनावर होते.

जेथें हें वाहन सर्रास वापरतात त्या अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. होंडा कंपनीनें १९७० सालीं तेथें तीन चाकांची गाडी आणली. ती इतकी उलटूं लागली कीं १९८८ सालीं सरकार आणि कारखानदार यांच्यांत करार होऊन नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. त्याच वेळीं वयाप्रमाणें इंजिनाचें मापहि ठरलें: ९० सी.सी. हून मोठी गाडी सोळा वर्षांखालील मुलासाठीं नाहीं. तेथील बालरोगतज्ज्ञांची संस्था तर सोळा वर्षांखालील मुलानें एटीव्ही चालवूंच नये असें सांगते.

आपल्याकडे कायद्याची वेस आणखी अलीकडे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ५० सी.सी. पर्यंतची मोटारसायकल सोळाव्या वर्षानंतर आणि इतर मोटार वाहनें अठराव्या वर्षानंतरच सार्वजनिक रस्त्यावर चालवितां येतात. नोंदणी नसलेली गाडी तर कोणालाच रस्त्यावर आणतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें पालकाचा भार वाढविला. अल्पवयीन मुलानें मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. हौसेची खरी किंमत मांडतांना या रकमा वगळून चालत नाहीं.

मग मुलाची हौस मारावी काय? मुळींच नाहीं. कुंपणाच्या आंत, माहीतगार माणसाच्या नजरेखालीं, लहान इंजिनाच्या आणि वेग बांधून ठेवलेल्या गाडीवर, शिरस्त्राण घालून आणि पाठीमागें कोणास न बसवितां एखादी भाड्याची फेरी वयाला शोभेल अशी घेतां येते. आपल्या मालकीचें वाहन म्हणून मात्र या वयास सायकलच खरी.

सायकल घेतांनाहि माप चुकतें. "वाढत्या अंगाचा आहे, मोठीच घ्या," असें म्हणणारे वडीलधारे नकळत मुलाला धोक्यांत लोटतात. सायकलीच्या आडव्या दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभें राहिलें असतां मध्यें दोन बोटें तरी जागा सुटावी. पायडल अगदीं खालीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहावा. ब्रेक बोटांच्या सहज आटोक्यांत असावेत. जुनी सायकल स्वस्त मिळते, पण सांगाड्यास चीर नाहीं आणि चाक फिरतांना डुगडुगत नाहीं, एवढें पाहूनच पैसे मोजावे.

आतां पैशाचें गणित. समजा, सायकल सहा हजारांची आहे आणि घरांतून महिन्याला पांचशे रुपये शिल्लक पडतात. म्हणजे बारा महिने. परंतु शिरस्त्राण, कुलूप, मागचा लाल दिवा आणि पावसाळ्यांत साखळीला लागणारें तेल हे खर्च त्यांत नाहींत. तेव्हां आणखी दोन-तीन महिने थांबावें. कल्याणहून पुढें रोज लोकलनें प्रवास करणाऱ्या बापाच्या पगारांतील हे पांचशे रुपये कोठून वाचतात, हें मुलाला कळलें म्हणजे तो सायकल पुसूनहि ठेवतो.

आणि एटीव्हीचें स्वप्न? तें टाकून देण्याचें कारण नाहीं. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः घडविलेल्या अशा गाड्या घेऊन 'बाहा' नांवाच्या स्पर्धेंत उतरतात. अमेरिकेंत ती १९७६ सालीं आणि भारतांत २००७ सालीं सुरू झाली. आज ब्रेकची तार घट्ट करावयास, पंक्चर काढावयास आणि साखळी बसवावयास शिकणारा अंबरनाथचा मुलगा किंवा उल्हासनगरची मुलगी आणखी सात-आठ वर्षांनीं तेथें उभी राहूं शकेल. तेव्हां ती गाडी विकत घेतलेली नसेल, आपल्या हातांनीं घडविलेली असेल. आणि स्वार व वाहन यांचें माप तोंवर जुळलेलें असेल.