तिच्या मापाचा कोट

कापूस वेचणीला, खुरपणीला किंवा रस्त्याच्या कामावर निघालेल्या बायका आपण नेहमी पाहतो. साडीवर एक पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो. नवऱ्याचा, दिराचा नाहीतर मुलाचा, वापरून विटलेला. ऊन, कुसळं आणि धूळ यांपासून तेवढाच बचाव. जुनं कापड कामी लावणं ही आपली चांगली सवय आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण हा शर्ट तिच्यासाठी बेतलेला नसतो आणि त्याचा त्रास ती दिवसभर सोसते.

पुरुषाचा शर्ट कमरेखाली सरळ उतरतो. त्यात साडीच्या निऱ्या मावत नाहीत. मग खालची दोन-तीन बटणं उघडी राहतात आणि वाकलं की खोचलेला पदर बाहेर येतो. बाह्या लांब म्हणून दुमडायच्या, की हात कोपरापर्यंत उघडे. खिसा छातीवर, त्यामुळे वाकताच त्यातलं सगळं मातीत. त्यातून शर्ट टेरिकॉटचा असला, तर घाम शोषला जात नाही. आणि मळणी यंत्राजवळ किंवा कडबाकुट्टीजवळ सुटा पदर, लोंबती बाही म्हणजे जिवाशी खेळ.

यावर उपाय अवघड नाही. घरच्या घरी कामाचा साधा कोट शिवता येतो. त्यासाठी शिवणक्लास झालेलाच हवा असं नाही, कारण यातले बहुतेक तुकडे सरळ चौकोनी आहेत.

कापड सुती घ्यावं. जाड पॉपलीन किंवा मांजरपाट चालेल. ४४ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर पुरतं. आधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात कोट आखडतो. माप साडी नेसूनच घ्यावं, कारण कोट साडीवर घालायचा आहे.

छाती ३६ इंच धरू. तिच्यात १० इंच सैलपणा मिळवला की घेर ४६ इंच होतो. शिवणीसह पाठीचा तुकडा २५ इंच रुंद आणि ३९ इंच लांब कापावा. शेजारी उरलेल्या कापडात पुढचा एक भाग बसतो, साडेपंधरा इंच रुंद; त्यात बटणपट्टीही धरली आहे. पुढचा दुसरा भाग खालच्या ३९ इंचांत निघतो. त्याच्या बाजूला १८ इंच रुंद आणि १९ इंच लांब अशा दोन बाह्या, एकाखाली एक. बाही आखूड वाटेल, पण कोटाचा खांदाच दंडावर उतरतो, त्यामुळे ती मनगटाजवळ पोचते. उरलेल्या पट्ट्यांत दोन खिसे, उभी कॉलर आणि पाच-पाच इंचांचे दोन चौकोन निघतात.

हे दोन चौकोन विसरू नका. ते काखेत बसवायचे. जुन्या अंगरख्याला असा तुकडा असे, त्याला चौबगला म्हणत. हात वर केला की साध्या शर्टाची काख ओढते आणि तिथेच उसवते. चौबगला असला की हात मोकळा फिरतो.

खांदे, बाह्या आणि बाजू जोडताना शिवण दुमडून तिच्यावर पुन्हा एक टीप मारावी. धागे निघत नाहीत, कोट टिकतो. मशीन नसेल तर हातानं उलटी टीप घालावी. दोन्ही बाजूंना खालून १२ इंच शिवण उघडी ठेवावी, म्हणजे उकिडवं बसता येतं. खिसे कमरेच्या खाली, पुढच्या भागावर आणि खोल लावावेत. बाहीच्या टोकाला इलॅस्टिक घालावं. बांगड्या आत राहतात, बोंडांची टोकं हाताला ओरबाडत नाहीत. लोंबती नाडी किंवा झालर कुठेही नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हा कोट फवारणीसाठी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेले, ते आपण विसरू नये. सुती कापड औषध शोषून घेतं आणि अंगाला चिकटवून ठेवतं. फवारणीला न भिजणारा पोशाख, हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच. फवाऱ्याचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. ते धुण्याचं काम बहुधा बाईच्याच वाट्याला येतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आपल्याकडे बाईचं माप घेतलं जातं ते ब्लाउजसाठी, लग्नाला नाहीतर सणाला. ज्या कपड्यात ती महिनोन् महिने राबते, त्याचं माप कुणी घेत नाही. नवी कैची घरात आली तर ती आधी पोराच्या गणवेशाला लागते. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीला मेजर टेप घेऊन जा. एकमेकींची मापं घ्या, जुन्या वर्तमानपत्रावर नमुना कापा आणि तो गटात फिरू द्या. पहिला कोट शिवायला दोन दुपारी लागतील, दुसऱ्याला एक पुरेल. वेचणीच्या आधी तो अंगात असला म्हणजे झालं.