मुरलेला चहा

पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडणे ही कोकणातील गृहिणीची एक लहानशी परीक्षाच असते. कापड दूर होताच ती प्रथम वास घेते, मग कडेला बुरशी धरली आहे काय ते न्याहाळते, आणि चव घेण्याची पाळी त्यानंतर येते. लोणचे मुरले की बिघडले याचा निकाल तिचे नाक क्षणार्धात देऊन टाकते. पनवेल-उरण भागातील चिरनेरसारख्या गावी, जेथे चार महिने भिंतींनाही ओल सुटते, तेथे हे ज्ञान सासूकडून सुनेकडे आपोआप जात असते. चीन देशात एक चहा असा होतो की, तो विकत घेणाऱ्यास, जपून ठेवणाऱ्यास आणि पिणाऱ्यास नेमके हेच ज्ञान लागते.

या चहाला चिनी भाषेत 'हेइ-चा' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'काळा चहा'. येथे नावांचा थोडा घोटाळा होतो, तो आधीच उलगडलेला बरा. आपल्या घरी दूध-साखर घालून जो चहा होतो, त्याला इंग्रज 'काळा' म्हणतो, तर चिनी मनुष्य 'लाल' म्हणतो. त्या चहाचे पान चुरगळल्यावर स्वतःच्याच रसाने व हवेच्या संयोगाने काळवंडते. व्यापारी या क्रियेला आंबवणे म्हणतात खरे, परंतु तीत सूक्ष्म जीवांचे कार्य मुख्य नसते. 'हेइ-चा'मध्ये मात्र बुरशी आणि इतर सूक्ष्म जीव पानावर खरोखरीच काम करतात. त्याचा कडवटपणा कमी होतो, रंग गडद होतो आणि वास पार पालटतो. मराठीत या क्रियेला फार नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'मुरणे'.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध चहा 'पुएर' होय. तो चीनच्या नैऋत्येकडील युन्नान प्रांतात होतो. त्याची मोठ्या पानांची जात आपल्या आसामच्या चहाची जवळची आप्त आहे. पाने कढईत परतून, चोळून उन्हात वाळवतात, मग वाफेवर मऊ करून दाबतात आणि त्यांची गोल चकती करतात. चकतीचे रूढ वजन ३५७ ग्रॅम. अशा सात चकत्यांची चवड बांबूच्या पापुद्र्यात बांधलेली असते. प्रथमदर्शनी तिच्याकडे पाहून आपल्या मनुष्यास गोवरीची आठवण झाली, तर त्याला दोष देता येणार नाही.

पुएरचे प्रकार दोन. 'कच्चा' पुएर वर्षानुवर्षे ठेवून सावकाश मुरू देतात. तो नवा असताना तुरट व कडक लागतो, आणि जुना झाला म्हणजे निवळतो. परंतु दहा-वीस वर्षे थांबण्यास गिऱ्हाइकाला सवड कोठली? म्हणून १९७३ च्या सुमारास युन्नानमधील कुनमिंग येथील कारखान्यात एक जलद रीत बसविण्यात आली. पानांचा मोठा ढीग करून त्यावर पाणी शिंपडावयाचे, तो झाकून ठेवावयाचा आणि आतील ऊब फार वाढू नये म्हणून मधून मधून परतावयाचा. सुमारे दीड महिन्यात 'पक्का' पुएर तयार होतो. ढिगाची ऊब बेताबाहेर गेली तर पान जळते, आणि ओल अधिक झाली तर ते कुजते. सारे कसब ढीग केव्हा परतावयाचा हे ओळखण्यात आहे.

इतर प्रांतांचेही असे चहा आहेत. ग्वांगशी प्रांतातील 'ल्यू-पाओ' मलायातील कथिलाच्या खाणींत राबणारे चिनी मजूर पीत. हूनान व शेन्सी प्रांतांतील 'फू' विटेत पिवळे बारीक कण मुद्दाम धरवितात. ती एक उपकारक बुरशी असून चिनी लोक तिला 'सोनेरी फुले' म्हणतात.

चहाच्या विटा व चकत्या करण्याचे कारण प्रवास हे होय. तिबेटात तेव्हा चहा पिकत नसे आणि चीनला घोडे हवे होते. म्हणून अकराव्या शतकात सोंग राजवटीने चहा देऊन घोडे घेण्यासाठी खास कचेऱ्या उघडल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर युन्नानचा काही चहा ब्रह्मदेशातून रंगूनला, तेथून आगबोटीने कलकत्त्यास आणि पुढे कालिंपोंगमार्गे तिबेटात जाई. म्हणजे हा चहा हिंदुस्थानच्या भूमीस अगदीच अपरिचित नाही.

युन्नानमधील जिंगमाई डोंगरावर ब्लांग व दाई लोकांनी रानातील मोठ्या झाडांच्या सावलीत चहाची झाडे पिढ्यान्‌पिढ्या राखली. २०२३ मध्ये त्या जुन्या चहावनांचा जागतिक वारशात समावेश झाला. रान आणि त्यावर जगणारी माणसे यांना वेगळे करता येत नाही, ही गोष्ट चिरनेरला नव्याने सांगावयास नको. २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात या गावाने गोळ्या झेलल्या आहेत.

आता पिण्याविषयी. चकती हाताने मोडू नये. बोथट, निमुळत्या सुरीने कडेकडून पापुद्रे सोडवावेत, म्हणजे पानांचा चुरा होत नाही. लहान चहादाणीत पाच ग्रॅम चहा घालून त्यावर चांगले उकळते पाणी ओतावे आणि ते पहिले पाणी लगेच टाकून द्यावे. त्याने धूळ जाते व पाने उमलतात. पुन्हा उकळते पाणी घालून दहा-पंधरा सेकंदांत चहा गाळून घ्यावा. पुढील प्रत्येक खेपेस वेळ थोडा थोडा वाढवावा. त्याच पानांतून सात-आठ वेळा चहा निघतो. पक्क्या पुएरचा रंग काळसर तांबडा असतो. चवीत पहिल्या पावसानंतरच्या मातीचा, जुन्या लाकडाचा, कधी खारकेचा भास होतो. या चहाला दूध-साखरेची गरज नाही. परंतु दुधाला नाक मुरडण्याचेही कारण नाही, कारण तिबेटी लोक चहाच्या विटेच्या काढ्यात लोणी व मीठ घुसळतात आणि मंगोल लोक दूध घालतात. कॅन्टनकडे पुएरमध्ये शेवंतीची वाळलेली फुले घालण्याची चाल आहे. तेलकट जेवणाबरोबर तेथे हा चहा घेतात, जशी आपण सोलकढी घेतो.

साठवण मात्र कोकणात बिकट आहे. चहाला थोडी हवा हवी आणि ओल बेताची हवी, पण परका वास मुळीच खपत नाही. मसाल्याच्या डब्याशेजारी किंवा देवघरातील कापराजवळ ठेवलेला चहा आठवड्यात त्यांचा वास धरतो. चिरनेरच्या कुंभारांची भांडी या भागात परिचित आहेत. तसे मातीचे मडके दोन-तीनदा भिजवून कडक वाळविले आणि नव्या मातीचा वास पूर्ण गेला, की थंडी-उन्हाळ्यात चहासाठी उत्तम. परंतु मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी चहा मडक्यातून काढून, कोरड्या दिवशी, घट्ट झाकणाच्या चिनी मातीच्या बरणीत भरावा. मडके ओल शोषते, बरणी शोषत नाही. बरणीत चहाचे मुरणे जवळजवळ थांबते हे खरे, पण चार महिने मुरणे थांबले म्हणून काही बिघडत नाही. बुरशी लागली तर मात्र सारेच बिघडते.

विकत घेतानाही असाच सावधपणा हवा. जुनेपणाला किंमत आली म्हणजे खोटे जुनेपण जन्मास येते. पुएरचे भाव चीनमध्ये असे चढले की लोक तो पिण्याऐवजी साठवू लागले, आणि २००७ मध्ये भाव कोसळले तेव्हा अनेकांचे हात पोळले. नव्या चकत्या दमट कोठारात कोंडून त्यांना जुनेपणाचा रंग आणणारेही आहेत. म्हणून वेष्टनावरील वर्षावर विसंबू नये. मुरलेल्या चहाला मातीचा, लाकडाचा स्वच्छ वास येतो. बंद तळघराचा कुबट वास, घशात बोचणारी चव, वर लोकरीसारखा पांढरा, हिरवा वा काळा थर, यांपैकी काही आढळले तर किंमत कितीही मोजलेली असो, चहा टाकून द्यावा. वरचा भाग खरवडून उरलेला वापरण्याचा मोह धरू नये. 'फू' विटेतील पिवळे कण तेवढे याला अपवाद.

हा चहा घेतल्याने मेद झडतो असे विकणारे सांगतात. तेवढ्यावर विश्वास ठेवून औषध सोडणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय तो शेवटी चहाच आहे. रात्री घेतला तर झोप उडवील, आणि पांडुरोग असणाऱ्याने जेवणाबरोबर तो टाळावा, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते.

चिरनेरपासून थोड्याच अंतरावर, न्हावा-शेवा येथे, १९८९ पासून मोठे बंदर आहे. चीनचा माल घेऊन येणाऱ्या जहाजांचे तेथे कौतुक उरलेले नाही. कुणाचा मुलगा किंवा जावई परदेशातून येताना कागदात गुंडाळलेली एखादी काळी चकती घेऊन येतो. घरात प्रश्न पडतो, ही ठेवावी की टाकावी? अशा वेळी वेष्टनावरील चिनी अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. घरातील ज्या वडीलधाऱ्या बाईने पन्नास पावसाळे लोणच्याच्या बरण्या राखल्या, तिच्या हाती ती चकती द्यावी. तिने वास घेऊन मान डोलावली, तर खुशाल आधण ठेवावे.