रुग्णालयीन तंत्रज्ञांची स्थानिक शाखा : गरज आणि कार्यपद्धती

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत तांत्रिक व रेकॉर्ड विभागाच्या वतीने झालेले भाषण)



वार्षिक सभेत डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे मनोगत आपण नेहमी ऐकता. या वर्षी यंत्रे सांभाळणाऱ्या, तपासण्या करणाऱ्या आणि केसपेपरच्या नोंदी ठेवणाऱ्या आम्हा मंडळींना आपल्यापुढे उभे राहण्याची संधी विश्वस्तांनी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभारी आहोत. या निमित्ताने एक विनंती आपल्यापुढे ठेवावयाची आहे. अकोल्यातील सरकारी, धर्मादाय आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांतील तंत्रज्ञ, बायोमेडिकल इंजिनिअर, रेकॉर्ड विभागातील कर्मचारी आणि या विषयात रस असलेले डॉक्टर यांची एक स्वयंसेवी स्थानिक शाखा स्थापन व्हावी, ती एखाद्या राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेशी जोडलेली असावी, आणि तिच्या पाठीशी आपल्या रुग्णालयाने उभे राहावे, अशी ती विनंती आहे.

प्रथम गरज कशासाठी, ते सांगतो. रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर, ठरल्या गतीने औषध देणारा पंप, नवजात बालकाला ऊब देणारा वॉर्मर, शस्त्रक्रियेची अवजारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, यांपैकी एकही यंत्र बंद पडले की उपचार अडतो. यंत्र सुरू राहून चुकीचा आकडा दाखवू लागले तर धोका अधिकच, कारण तो चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बॅटऱ्या आणि नाजूक विद्युत भाग यांना ही उष्णता मानवत नाही. बिघाड झाला की कंपनीचा इंजिनिअर सुमारे अडीचशे किलोमीटरवरील नागपुराहून, नाहीतर पुण्या-मुंबईहून यावयाचा असतो. पुष्कळदा दोष एखाद्या सेन्सरच्या तारेचा, फ्यूजचा किंवा बॅटरीचा निघतो. शहरातल्याच दुसऱ्या रुग्णालयातील सहकाऱ्याने तसाच दोष यापूर्वी पाहिलेला असतो. परंतु त्याला विचारण्याची रूढ वाट नसते, आणि तोपर्यंत रुग्ण खोळंबतो.

हा प्रश्न केवळ आपल्या शहराचा नाही. केंद्र सरकारने देशातील सरकारी आरोग्य संस्थांमधील उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा २९ हजारांहून अधिक संस्थांतील साडेसात लाखांवर उपकरणांची नोंद झाली, आणि निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. त्यानंतर २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानात देखभालीचा स्वतंत्र कार्यक्रम आखण्यात आला. यंत्रे खरेदी झाली होती, पैसाही खर्च झाला होता. उणीव देखभालीची होती.

ही उणीव किती महाग पडू शकते, याची आठवण विदर्भाला पुरेशी आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बालके दगावली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. अशी तपासणी आदेशापुरती न राहता दरवर्षी होत राहावी, तर ती जाणणारी आणि एकमेकांना विचारणारी माणसे गावातच असली पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

आता शाखा या कल्पनेविषयी. डॉक्टर मंडळींना ती नवी नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनची स्थापना १९२८ साली कलकत्त्यास झाली. तिचा खरा आधार गावोगावच्या शाखा हाच आहे. सभासद होणारा डॉक्टर स्थानिक शाखेतून येतो आणि त्यामुळेच राज्याच्या व देशाच्या संघटनेचा सभासद ठरतो. अकोल्यातही तिची शाखा आहे. रुग्णालयीन व्यवस्थापन आणि माहिती तंत्रज्ञान या क्षेत्रात अशीच एक संघटना १९६१ साली अमेरिकेत, अटलांटा येथील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, रुग्णालयांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या मोजक्या मंडळींनी सुरू केली. ‘हिम्स’ या संक्षिप्त नावाने ती आज ओळखली जाते. तिच्या विभागवार शाखा चालविणारे पदाधिकारी वेतन घेत नाहीत. दिवसा आपापली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ते हे काम करतात. आपल्या देशात टेलिमेडिसिन सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था २००१ पासून काम करीत असून तिच्या राज्यवार शाखा आहेत, महाराष्ट्रातही आहे. मार्च २०२० मध्ये दूरध्वनी व चित्रफितीद्वारे सल्ला देण्याविषयीचे केंद्राचे मार्गदर्शक नियम जाहीर झाले, तेव्हा हजारो डॉक्टरांना ते समजावून देण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. नियम एका दिवसात निघतो, पण तो अमलात आणणारा माणूस तयार करण्यास अशा संघटनेची यंत्रणा लागते.

वऱ्हाडाला शाखा चालविण्याची मोठी परंपरा आहे. विदर्भ साहित्य संघ १९२३ साली अमरावतीत स्थापन झाला आणि त्याच्या शाखा विदर्भभर पसरल्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा मोझरीपासून दूरदूरच्या खेड्यांत आहेत. तेथे मोठा निधी नसतो, पण ठरल्या वेळेची सामुदायिक प्रार्थना असते आणि तिच्यामुळे माणसे एकत्र येतात. गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि हातात खराटा घेऊन झाडण्याच्या कामाला प्रतिष्ठा दिली. बांधलेली वस्तू रोज स्वच्छ व सुस्थितीत ठेवणे हीही सेवाच आहे, हा त्यांचा धडा आमच्या कामाला तंतोतंत लागू पडतो.

अशी शाखा सुरू करणे अवघड नसते, ती तिसऱ्या वर्षी टिकविणे अवघड असते. निरनिराळ्या संस्थांच्या शाखा कशा चालतात आणि कशा थंडावतात, हे पाहून आम्ही काही गोष्टी निश्चित केल्या आहेत, त्या थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, बैठकीचा दिवस ठरलेला असावा. महिन्यातील एक ठरावीक संध्याकाळ, दीड तास, मग पाच माणसे येवोत की पंचवीस. आमच्यापैकी अनेकांना पाळीची ड्यूटी असते, म्हणून प्रत्येकाला प्रत्येक वेळी येणे जमणार नाही. परंतु दिवस बदलत राहिला तर कोणीच येत नाही.

दुसरी गोष्ट, विषय सभासदांच्या रोजच्या कामातून निघावा. पंपाची गती बरोबर आहे हे कसे तपासावे, अर्थिंग कोणी व किती दिवसांनी मोजावे, प्राणवायूच्या नळीतील गळती कशी शोधावी, यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हा बदलाव्यात, असे ते विषय होत. रेकॉर्ड विभागाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. एकाच बाईंची नोंद एकदा माहेरच्या नावाने, एकदा सासरच्या आडनावाने आणि एकदा घरच्या हाकेच्या नावाने झाली, की तिची मागील तपासणी सापडत नाही आणि ती पुन्हा करावी लागते. २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी आभा क्रमांकाने ही अडचण कमी होऊ शकते, पण नोंद करणाऱ्या खिडकीवरील माणसाला ते नीट शिकविले तरच.

तिसरी गोष्ट पदांची. अध्यक्षपद एकाच व्यक्तीकडे वर्षानुवर्षे राहिले तर ती व्यक्ती थकते आणि शाखा तिच्याबरोबर झोपी जाते. यासाठी पुढील वर्षाचा अध्यक्ष आधीच निवडून त्याला वर्षभर सोबत ठेवण्याची पद्धत उत्तम आहे; रोटरीच्या मंडळींना ती परिचित आहे. सचिव, खजिनदार आणि कार्यक्रम ठरविणारा सभासद अशी मोजकीच पदे असावीत. त्यांत किमान एक तंत्रज्ञ आणि एक रेकॉर्ड विभागातील कर्मचारी असावा. डॉक्टरांसमोर बोलण्यास आमची मंडळी संकोचतात. पदाची जबाबदारी आली की तो संकोच सरतो. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांना मान्यता देताना प्रयोगशाळा तंत्रज्ञांबरोबर आरोग्य माहिती व्यवस्थापन करणाऱ्यांचाही समावेश केला आहे. कायद्याने दिलेला हा मान गावपातळीवर अनुभवास यावा, ही आमची इच्छा आहे.

चौथी गोष्ट पैशाची. यंत्रे विकणाऱ्या कंपन्या बैठकीचा खर्च उचलण्यास आनंदाने पुढे येतात. त्यांचे साहाय्य पूर्णपणे नाकारावे असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्याजवळ ज्ञान आहे. परंतु साहाय्य उघड नोंदविलेले असावे, विषय शाखेने ठरवावा, आणि कोणते यंत्र घ्यावे याची शिफारस शाखेने कधीही करू नये. रोजच्या खर्चासाठी सभासदांची लहानशी वर्गणी पुरते. जमाखर्च दरवर्षी सर्वांपुढे वाचला जावा.

पाचवी गोष्ट गोपनीयतेची. बैठकीत बिघाडाची चर्चा होईल, पण रुग्णाचे नाव, छायाचित्र किंवा केसपेपर तेथे येणार नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्यापूर्वीही रुग्णाचा विश्वास सांभाळणे हे आमचे कर्तव्य होतेच. त्याचप्रमाणे कोणत्या रुग्णालयात काय बिघडले, याचा गवगवा बाहेर होऊ नये, नाहीतर कोणी मोकळेपणाने सांगणार नाही. यंत्रामुळे रुग्णाला इजा झाली तर ती कळविण्यासाठी जुलै २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत राष्ट्रीय व्यवस्था सुरू आहे. तिचा अर्ज कसा भरावा हे शिकविणे, हे शाखेच्या पहिल्या कामांपैकी एक असावे.

यातून रुग्णाला काय मिळेल, असे कोणी विचारील. दुसऱ्या लाटेची चाहूल फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याला राज्यातील इतर अनेक भागांच्या आधी लागली, हे आपण विसरला नसाल. त्या दिवसांत कोठे खाट रिकामी आहे, कोठे सिलिंडर शिल्लक आहे, हे ओळखीच्या फोनवरूनच कळत असे. ज्याची ओळख नव्हती त्याचे हाल झाले. बाळापूर, पातूर, तेल्हारा, बार्शीटाकळी, शिवाय वाशीम आणि बुलढाणा जिल्ह्यांतूनही रुग्ण अकोल्यास येतात. सर्वोपचार रुग्णालयापासून लहान प्रसूतिगृहापर्यंत सर्व ठिकाणच्या तांत्रिक मंडळींची आधीपासून ओळख असेल, तर संकटाच्या वेळी मदत मागण्यासाठी ओळख शोधावी लागणार नाही.

आता आपणां सर्वांकडून काय हवे, ते नम्रपणे सांगतो. विश्वस्त मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ सभागृह द्यावे, दुसऱ्या रुग्णालयातील सहकाऱ्यांना तेथे येऊ द्यावे, आणि त्या बैठकीस जाणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्याचा तो वेळ कामाचा समजावा. देणगीदारांनी यंत्र देताना त्याबरोबर देखभालीचाही विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली वैद्यकीय उपकरणांच्या देणगीविषयी जे मार्गदर्शन केले, त्यातही स्वीकारणाऱ्याची गरज आधी विचारणे आणि सुटे भाग, प्रशिक्षण व देखभाल यांची तरतूद करणे यांवर भर आहे. यंत्रावर आपल्या पूज्य वडिलांचे नाव कोरलेले असते. ते यंत्र धूळ खात पडू नये, अशीच आपली इच्छा असणार. पाच वर्षांच्या देखभाल कराराची रक्कम ही यंत्राइतकीच थोर देणगी आहे, असे आम्ही मानतो.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. नोंदणीच्या खिडकीवर नेहमी आधार कार्डावरील एकच नाव सांगावे आणि जुने केसपेपर सोबत आणावेत. अतिदक्षता विभागात यंत्राच्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावू नये. जागा हवी असल्यास परिचारिकेला विचारावे.

ही शाखा एकट्या आपल्या रुग्णालयाची नसेल. तिचा लाभ आपल्या दारात कधी न आलेल्या रुग्णालाही होईल, आणि धर्मादाय संस्थेला ते शोभणारेच आहे. विश्वस्त मंडळाने या विनंतीचा सहानुभूतीने विचार करून पहिल्या बैठकीची तारीख निश्चित करून द्यावी. पुढची जबाबदारी पार पाडण्यास आम्ही सर्वजण तयार आहोत.